एका जमिनीवर एकच जामीन

डोळा लागतोय असं वाटतं आणि लागत नाही. भर बाराची वेळ टळून गेलीय, एप्रिलचं ऊन दारातून सोप्यात येऊन बसलंय आणि मी जेवून घोंगडीवर आडवा झालोय. आत शालन, माझी बायको, भांडी घासतेय. एक भांडं पालथं पडल्याचा आवाज येतो, पुढच्याला जरा उशीर लागतो, त्याच्या पुढच्याला आणखी उशीर. गेटपाशी सुरमी बसलीय, हे मला मान न वळवताही माहीत आहे. सकाळपासून बसलीय. शालननं पाणी दिलं ते प्याली, भाकरी दिली ती पदरात बांधून ठेवली.

सुरमी माळावरच्या पारध्यांच्या पालातली. तिचा नवरा हिरामण काळे. आमच्या शिवारातल्या विहिरींवरच्या मोटारींच्या केबली चोरल्या, म्हणून तो तुरुंगात आहे. दोन दिवाळ्या त्याच्या आत गेल्या. खटला अजून उभाच राहिलेला नाही. कोर्टानं त्याला जामीन केव्हाच दिलाय. अट एवढीच, की जमीन नावावर असलेल्या कुणीतरी त्याला जामीन राहावं. आता पालात कुणाच्या नावावर जमीन असणार? आणि ज्यांच्या नावावर आहे ते आम्ही गाववाले, आम्ही पारध्याला जामीन राहणार होय! त्यामुळं हुकूम झाला तरी माणूस आतच. हल्ली त्याला खोकल्यातून रक्त पडतं. उद्यापासून कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागतेय. सरकारनं त्याला दिलेली वकीलबाई आज तीन वाजता कोर्टात माझी वाट बघणार आहे.

मी येतो म्हणालेलो नाही. येत नाही असंही म्हणालेलो नाही. हिरामणनं केबल चोरली असेल, नसेलही. मला ठाऊक नाही आणि जामिनाला त्याच्याशी कर्तव्य नसतं एवढं मला कळतं. माझी अडचण वेगळीच आहे आणि ती वकीलबाईला सांगितली तर बाई हसेल.

माझे वडील, अण्णा, गावचे पोलीस पाटील होते. जाताना त्यांनी माझ्या हातावर बेलाचं पान ठेवलं, त्यावर खंडोबाचा भंडारा टाकला आणि म्हणाले, "धना, कुणाला बी जामीन ऱ्हायाचं न्हाय. सख्ख्या भावाला बी न्हाय. माझी शपथ हाय तुला." मी हो म्हणालो. मरणाऱ्या माणसाला कोण नाही म्हणतं? पण शपथ ज्यानं घातली त्यानंच "सुटली" म्हणावं लागतं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. पोरं खेळताना एकमेकांना शपथा घालतात आणि दिवेलागणीला घरी पळायच्या आधी "सुटली म्हण, सुटली म्हण" करून सोडवून घेतात. अण्णा ते न म्हणताच गेले. मी द्राक्षबाग केलेला, औषधांच्या बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाचणारा माणूस आहे. तरी बेलभंडाऱ्यावरची शपथ मोडायला माझं मन धजत नाही. हसायचं तर हसा.

भांड्यांचा आवाज थांबलाय.

"दुपारचा झोपतोस व्हय रं? माणसं काय म्हंतील?"

अण्णा सोप्याच्या कडेवर बसलेत. डोक्याला टोपी, अंगात खादीचा सदरा, हातात पोलीस पाटलाची काठी. ते मेलेले आहेत हे मला माहीत आहे, त्याचं नवल मात्र वाटत नाही. नवल वाटतं ते त्यांच्या पायांचं. पायात जोडे आहेत. जन्मात कधी अण्णा जोडे घालून सोप्यात आले नाहीत.

"अण्णा, जोडे काढा की."

"येळ न्हाय. थोड्याच येळासाठी सोडलंय मला."

"कुणी?"

ते काठीनं बाहेर दाखवतात. "चल, बाग दाव. किती दिस झालं बघितली न्हाय."

मी सोप्यावरून पाय खाली टाकतो तो बागेच्या मातीत पडतो. खरड छाटणी नुकतीच झालीय, वेली बोडक्या आहेत, एक पान नाही. लोखंडी अँगल आणि तारा तेवढ्या उन्हात उभ्या. अण्णा पुढं चालतात, मी मागं. माझी बाग दोन एकरांची आहे. ओळीच्या शेवटाला ओढा दिसायला हवा, पण ओळ संपत नाही.

"ती फाशेपारधीण दारात का बसलीय?"

"नवऱ्याला जामीन राहा म्हणतीय."

"मग?"

"मग काय? तुमी शपथ घालून बसलाय."

अण्णा खूश होतात. पाठमोरे असले तरी ते खूश झाले की मला खांद्यावरून कळतं. "बरं केलं मी. बापूला जामीन ऱ्हायलो हुतो, तुला आठवतंय? चुलतभाऊ माझा. त्यो पळाला परमुलखात आन् म्या पोलीस पाटील असून कोर्टात हात जोडून हुबा. साहेब मला म्हणाला, आरोपी कुठं लपवलाय? गुन्हा त्याचा आन् खालची मान माझी. तवाच ठरवलं."

"बापूकाका पळाले म्हणून हिरामणनं आत मरायचं?"

"मरतंय कशाला? आत दोन वेळचं मिळतंय. भाईर काय मिळत हुतं?"

"घर मिळत होतं, अण्णा. ताडपत्रीचं असलं तरी."

"तू शिकला आन् मऊ झाला." अण्णा थांबत नाहीत. "ऐक. गावात चोरी झाली की गावाला झोप येत न्हाय. कुणीतरी आत गेला की येती. म्या इतकी वर्सं ह्येच केलं. फौजदार यायचा, म्हणायचा, पाटील, संशय कुणावर? म्या माळाकडं बोट करायचा. रातच्याला समदं गाव गुमान झोपायचं."

"चोर घावायचा का पण?"

"झोप घावायची."

ते हे अगदी सरळ म्हणतात. उन्हात काहीतरी वास येतोय. बागेला आम्ही मारतो त्या औषधाचा नव्हे. खूप माणसं एका जागी फार दिवस कोंडलेली असली की येतो तसला.

"हिरामण आत गेल्यापासून केबल पुन्हा गेलीय," मी म्हणतो. "कदमांची गेली, आमची गेली. खाली फाट्यावर केबलीतलं तांबं विकत घेणारा दुकान उघडून बसलाय, त्याला कुणी विचारत नाही."

"मग दुसरा कोण आसंल. त्यालाबी टाकायचा आत."

"आणि तिसरा निघाला तर?"

"त्यालाबी."

"किती टाकणार अण्णा?"

"जागा आसंल तेवढं."

"जागा नाही. वकीलबाई सांगत होती, कुशीवर झोपतात. एकानं कूस बदलली की अख्ख्या ओळीनं बदलायची."

"मग जागा वाढवायची," अण्णा म्हणतात आणि काठीनं पुढं दाखवतात. "वाढवलीय की."

आता मला दिसतं. दोन ओळींच्या मधल्या पट्ट्यात माणसं बसलीत. उकिडवी, जोडीजोडीनं, हात गुडघ्यांवर. मला आधी वाटतं, छाटणीचे मजूर असतील, सावलीला बसले असतील. पण पानं नाहीत तर सावली कुठली? माणसं मोजायला बसवलेली आहेत. शेजारच्या ओळीतही आहेत, तिच्या पलीकडच्याही. जिथवर तारा दिसतात तिथवर आहेत.

त्यातला एक आमचा मारुती न्हावी आहे. तो गेल्या शिमग्यात वारला. त्याच्या जोडीला शाळेतले कुंभार गुरुजी, ते मात्र जिवंत आहेत, परवाच एस. टी. स्टँडवर भेटले होते. मी हाक मारतो. गुरुजी तोंडावर बोट ठेवतात.

"हे कुठल्या गुन्ह्यात आहेत?" मी अण्णांना विचारतो. माझा आवाज मलाच लहान वाटतो.

"तपास चालू हाय."

"कधीपासून?"

"हितं दिस मोजत न्हाईत. माणसं मोजत्यात."

"आणि ह्यांच्या घरी?"

अण्णा पहिल्यांदा थांबतात. मागं वळत नाहीत. "घरचं काय, घरची शिकत्यात. बाप आत गेला की पोरगं शाळा सोडतं. कामाला गेलं तर कुणी ठेवत न्हाय, चोराचं पोर म्हणून. मग ते शेवटी चोरीच करतं. मग म्या त्याच्याकडं बोट करायचा. माझं बोट कवाच चुकलं न्हाय, धना. बापानंतर पोरगा, पोरानंतर नातू, समदे घावले."

ते हे अभिमानानं सांगतायत की रडत सांगतायत, ते मला पाठीवरून ओळखता येत नाही. मला घरी जायचंय. शालनला हाक मारावी असं वाटतं, पण ह्या जागी तिचं नाव तोंडातून काढायची भीती वाटते.

"अण्णा, परत फिरू या."

कुठंतरी टोल पडतो. मोठ्या लोखंडी तुकड्यावर लोखंडच मारल्याचा आवाज. बसलेली सगळी माणसं एकदम मान खाली घालतात. अण्णा वाकतात, तारेखालून पलीकडं जातात आणि एका रिकाम्या जागी उकिडवे बसतात. काठी कुठं गेली दिसत नाही. जोडेही नाहीत.

"तिकडं कुठं चाललाय?"

"म्या हिकडंच असतुया."

आमच्यात आता तारा नाहीत, जाळी आहे. तुरुंगात भेटायला येणाऱ्यांसमोर असते तसली, बारीक डोळ्यांची, दुहेरी. माझ्या पायाखाली बागेची माती नाही, कोर्टाच्या व्हरांड्यातली फरशी आहे आणि भिंतीला लागून पानाच्या पिंका आहेत. आजूबाजूला कुणी नाही. जाळीपलीकडं मात्र दाटी आहे आणि त्या दाटीत माझा बाप बसलाय.

"तुमी कशात, अण्णा?"

"सांगत न्हाईत."

"कुणाला विचारलं न्हाई?"

"इचारलं. तपास चालू हाय म्हंत्यात." ते हसायचा प्रयत्न करतात. "जामीन मंजूर हाय मला. पयल्या दिवशीच झाला. जमीनवाला माणूस तेवढा पायजे."

"मग भावकीत सांगायचं. त्यांच्याही जमिनी..."

"समद्यांना निरोप धाडलं. कुणी येत न्हाय. ज्याला त्याला शपथ हाय." ते जाळीला तोंड लावतात. "म्याच शिकवलं हुतं गावाला. पारावर बसून सांगायचा, मरताना पोराच्या हातावर बेलभंडारा ठेवा. समद्यांनी ठेवला."

अण्णांना मी कधी विनवणी करताना पाहिलेलं नाही. आई गेली तेव्हासुद्धा त्यांनी डॉक्टरला हात जोडले नव्हते. आता ते जोडतात. जाळीपलीकडून, दोन्ही हात.

"धना. तू ऱ्हा मला जामीन."

मला रडू फुटतं. झोपेत माणूस रडतो तेव्हा आवाज निघत नाही, नुसतंच छातीत काहीतरी हलत राहतं, तसं होतं. हा माणूस मला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरलाय. त्याला आत ठेवून मी कुठं जाऊ?

"राहतो," मी म्हणतो. "पण तुमचीच शपथ आहे मला. ती सोडा आधी."

मला वाटतं, आता हा हट्टी माणूस आत कुजेल पण शब्द मागं घेणार नाही. मग त्यांचे ओठ हलतात.

"सुटली."

"नीट म्हणा."

"सुटली रं बाबा. सुटली. बेलभंडाऱ्याची बी सुटली."

अंगावरून ओझं उतरल्यासारखं वाटतं म्हणतात ते खरंय. माझे खांदे वर येतात. त्याच क्षणी व्हरांड्याच्या टोकाला पट्टेवाला पुकारा करतो, "धनाजी अण्णासाहेब मोहिते!"

मी आत न जाताच आत असतो. टेबलामागं एक कारकून बसलाय, त्याला चेहरा आहे पण तो मला नीट बघता येत नाही. जाळी माझ्या उजव्या हाताला तशीच आहे, अण्णा तिच्यापलीकडं अगदी जवळ. त्यांचा श्वास ऐकू येतो. मेलेल्या माणसाचा श्वास ऐकू येऊ नये, हे मला आत्ता सुचतं.

"जमीन?" कारकून विचारतो.

"आहे. दोन एकर बाग आणि वरची जिराईत."

"एका जमिनीवर एकच जामीन. एकाला राहिलात की दुसऱ्याला राहता येत नाही. कळलं?"

"कळलं."

"कुणाला राहता?"

मी तोंड उघडतो. माझ्या तोंडात अण्णांचं नाव आहे, ते मी तुम्हाला शपथेवर सांगतो. पण तेवढ्यात अण्णांच्या मागून कुणीतरी खोकतं. कोरडा, लांबलेला, घशातून काहीतरी ओढून काढणारा खोकला. मी बघतो. मागच्या जोडीत हिरामण बसलाय. त्यानं हाताच्या पंजात थुंकी घेतली आणि पंजा मिटला, फरशी खराब होऊ नये म्हणून. एवढा पुकारा झाला तरी त्यानं मान वर केलेली नाही. पुकारा आपल्यासाठी असेल असं त्याच्या मनातसुद्धा येत नाही.

अण्णा मेलेत. हिरामण अजून मेलेला नाही. हिशेब सोपा आहे, पण तो सांगताना जीभ जड होते.

"बोला लवकर," कारकून म्हणतो. "बंद व्हायची वेळ झाली."

"हिरामण काळे."

जाळी कडकड वाजते. अण्णांचा हात जाळीतून बाहेर येतो. एवढ्या बारीक डोळ्यांतून हात येऊच शकत नाही, पण येतो आणि माझं मनगट धरतो. अण्णांच्या हाताची पकड मला माहीत आहे. बैल आवरायचे ह्या हातानं.

"धना. फशीवलंस मला."

"नाही अण्णा. मी तुम्हालाच..."

"सुटली म्हणवून घेतलंस आन् पारध्याला दिलंस."

"तो मरेल तिथं, अण्णा."

"आन् म्या?"

मी रडतोय, हात ओढतोय आणि हात सुटत नाही. त्यांचा चेहरा जाळीला टेकलाय. डोळ्यांत पाणी आहे आणि त्याच्यामागं राग आहे, पोलीस पाटलाचा. मग मला दिसतं, ते काय करतायत. ते माझा तळवा उताणा करतायत. बेल ठेवायला तळवा उताणा करतात तसा.

"पुन्यांदा घालतो तुला," ते म्हणतात. "ऐक. धना, माझी श..."

टोल पडतो. मी स्वतःला जागं करतो. म्हणजे काय करतो ते सांगता येणार नाही. उंचावरून मुद्दाम हात सोडावा तसं करतो. न ऐकलेली शपथ लागत नाही. हेही आमच्याकडं पोरांना ठाऊक असतं, म्हणून ती कानात बोटं घालून पळतात. मला एकच हात मोकळा आहे, तो मी एका कानावर दाबतो आणि दुसऱ्या कानानं शक्य तेवढं कमी ऐकतो.

सोप्यात ऊन सरकून भिंतीपर्यंत गेलंय. घोंगडी घामानं भिजलीय. शालन समोर उभी आहे, हातात पाण्याचा तांब्या.

"आवो, कवाधरनं हाका मारतीय. रडताय कशापायी?"

मी उठून बसतो. तांब्या घ्यायला उजवा हात पुढं करतो आणि ती तांब्या देत नाही. माझ्या मनगटाकडं बघत राहते. मीही बघतो. मनगटाच्या एका अंगाला चार बोटं उठलीत, दुसऱ्या अंगाला अंगठा. निळीजांभळी. माझ्या हातापेक्षा मोठा हात आहे तो. बोटांच्या मधे, कातडीवर, बारीक चौकोन उमटलेत आणि त्यांच्या कडांना गंज लागलाय. आमच्या सोप्यात लोखंडाची वस्तू नाही. मी अंगठ्यानं चोळून बघतो. गंज निघतो, चौकोन राहतात.

"कुणी धरलं तुमाला?" शालन हळू आवाजात विचारते.

"अण्णांनी."

ती अण्णांची सून, वीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढलीत तिनं. ती खोटं म्हणत नाही की वेड लागलं म्हणत नाही. फक्त विचारते, "सुटली म्हणाले?"

"म्हणाले."

"मग आसं का धरलं?"

मी उठतो. सदरा चढवतो. उजव्या हाताचं बटण मला लावता येत नाही, बोटं मिटत नाहीत. ते शालन लावते, बाही पार पंजावर ओढून. सातबारा आणि रेशनकार्ड ती आपणहून पिशवीत घालते. मी गाडी बाहेर काढतो तेव्हा सुरमी उठून उभी राहते. पदराची गाठ घट्ट करून मागं बसते.

फाट्यावरून डांबरी लागते. दुतर्फा बागा आहेत, छाटलेल्या, अँगल आणि तारांच्या. मी सरळ समोर बघतो, ओळींच्या मधे बघत नाही. गाडीची मूठ पिळली की मनगट ठणकतं आणि प्रत्येक ठणक्याला मला कळतं की हात अजून सोडलेला नाही. मागं सुरमी मला काहीतरी विचारतेय. वाऱ्यात नीट ऐकू येत नाही.

"काय?"

"दादा, तुमचं वडील पाटील हुतं न्हवं? त्येंच्या जिवाला बरं वाटंल म्हटलं."

मी हो म्हणतो. माझा बाप आत आहे आणि मी दुसऱ्याला सोडवायला चाललोय.